हिरव्या चिंधीचे डबे

पुण्याला असणारे माझे दीर वर्षातून दोनदा गावी येतात, ओसरीवर मांडी घालून बसतात आणि दर खेपेला तेच म्हणतात, “वहिनी, तुमचं बरंय. गावात पैसा लागतच नाही.” मी चहाचा कप पुढे करते आणि गप्प बसते. बोलायला लागले तर त्यांची परतीची गाडी चुकेल.

त्यांचं निम्मं खरं आहे. आम्हाला घरभाडं नाही, ज्वारी रानातली, सरपण बांधावरचं. पण जे स्वस्त आहे ते आधीच घरात आहे, आणि जे विकत आणावं लागतं त्याला गाव आणि शहर यातला फरक कळत नाही. मोबाइलचं रिचार्ज आमच्या तालुक्याच्या पाटोद्यात कमी पैशात होत नाही. गॅसची टाकी तर उलट गाडीभाडं डोक्यावर घेऊन येते. मी अंगणवाडीत मदतनीस, हे दूध संकलन केंद्रावर कॅन उचलायला, आणि रान कोरडवाहू. त्यामुळे मला एक खोड लागली आहे. समोर काहीही आलं, की आधी मनात माप लावायचं, परवडतं का नाही. माझी पोरगी गमतीनं म्हणते, की तिनं बोलायला शिकताना ‘आई’च्या आधी ‘परवडत नाही’ हेच ऐकलं असणार.

ही पोरगी दहावीला असे मार्क घेऊन आली, की शाळेचे सर पेढा घ्यायला घरी आले आणि जाताना सांगून गेले, हिला बीडला सायन्सला घाला. मुलींना एसटीचा पास फुकट आहे, रोज जाऊन-येऊन करता आलं असतं. पण तिथले क्लास सकाळी साडेसहाला सुरू होतात आणि आमच्या फाट्यावर पहिली गाडी साडेसातला येते. मग कॉट बेसिसवर खोली पाहिली. क्लासचा पहिला हप्ता कसाबसा भरला. मेसचा भाव नुसता विचारला आणि घरी आलो. राहिला तो एसटीचा डबा.

आमच्याकडे हे पूर्वापार चालत आलंय. सकाळच्या गाडीला फाट्याफाट्यावर बायका, म्हातारे डबे घेऊन उभे असतात. कंडक्टर हात खाली करतो, डबा वर घेतो, ड्रायव्हरच्या मागे ठेवून देतो. पोरांच्या डब्याला कुणी तिकीट मागत नाही. बीडला स्टँडवर ज्याचा त्यानं उचलायचा आणि रिकामा डबा संध्याकाळच्या गाडीनं परत. ओळखीसाठी डब्याला चिंधी बांधायची एवढंच. मागे भागातल्या एका पुढाऱ्याच्या घरी लग्न झालं तेव्हा गावोगावच्या बायकांना झाडून साड्या वाटल्या होत्या. पोपटी अंग, जांभळे काठ. नेसून बाहेर पडलं तर म्हशी बुजतील. ती मी ट्रंकेतून काढली आणि टराटरा फाडली. म्हटलं, असला रंग दुसऱ्या कुणाच्या डब्याला असणं शक्यच नाही.

आषाढात ठीक चाललं. श्रावणात भाजी अशी महागली, की बाजारात नुसती उचलून खाली ठेवायची. तेलाचंही तेच. डब्यातली भाजी आधी दिवसाआड झाली, मग आठवड्यातून एकदा, आणि शेवटी दोन भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी एवढ्यावर आली. त्यातच तिची दोन्ही वेळची जेवणं. फोनवर मी रोज विचारायची, “पुरतो का गं डबा?” ती म्हणायची, “पुरून उरतो.” तेव्हा फोन ठेवून मी चुलीपुढं डोळे पुसलेले आहेत, धुराचं निमित्त करून.

महालक्ष्म्यांना पोरगी घरी आली आणि मी पाहतच राहिले. मला वाटलं होतं हाडं वर आली असतील. पण गाल भरलेले, रंग उजळलेला. माझ्या जाऊबाईंनी कौतुक केलं, मला मात्र धस्स झालं. रात्रंदिवस चटणी-भाकरी खाऊन कुणाचे गाल भरत नाहीत. ह्यांच्याही ते ध्यानात आलं होतं. ती परत गेल्यावर हे म्हणाले, “ही बाहीर खाती कुठंतरी. पैसे कुठून आनती?” दसऱ्याच्या आत क्लासचा दुसरा हप्ता भरायचा होता, त्याची काहीच सोय नव्हती, आणि आता हे. तिसऱ्या दिवशी ह्यांनी पोरीचा टीसी काढण्यासाठी अर्ज लिहिला, खाली सही केली आणि माझ्यापुढे धरला. “पाटोद्याच्या कालेजात घालू. रोज घरून जाईल, डोळ्यापुढं ऱ्हाईल. उद्या जा आन् दिऊन ये.”

दुसऱ्या दिवशी मी पिशवीत तो अर्ज घेतला, डबा मात्र मांडीवर न घेता नेहमीसारखा कंडक्टरकडे दिला आणि मागच्या सीटवर बसले. पोरगी काय करते ते मला तिला न कळता पाहायचं होतं. मांजरसुंब्यापर्यंत मी डबे चढताना पाहत होते. कुठं पोतं डोक्यावर घेतलेला म्हातारा, कुठं कडेवर पोर घेतलेली बाई. कुणी नाव सांगत नव्हतं, कुणी पावती मागत नव्हतं.

बीडच्या स्टँडवर उतरले आणि जागीच थांबले. भिंतीला लागून डब्यांची रांगच रांग होती. स्टीलचे, जर्मनच्या पत्र्याचे, पितळी कडीचे, कापडात गाठोडी बांधलेले. गेवराईकडून आलेले, केजकडून आलेले, आणि आमच्या बाजूचे. प्रत्येकात कुणीतरी पहाटे उठून थापलेल्या भाकरी. राखणीला कुणी नाही. भुकेल्या माणसांनी गजबजलेलं स्टँड, पण त्या भिंतीकडे कुणाचा हात जात नव्हता. एक कुत्रं होतं, तेही लांब बसून नुसतं पाहत होतं. मी इतके दिवस माझा एक डबा पाठवत होते. तो या एवढ्या मोठ्या जेवणावळीत येऊन बसतो हे मला माहीतच नव्हतं. देवळात गेल्यावर हात आपोआप जुळतात तसे माझे जुळले, आणि मला त्याची लाजही वाटली नाही.

मग मी आपली पोपटी चिंधी शोधली आणि मला हसू फुटलं. एक नाही, आठ डब्यांना तीच चिंधी. तेच जांभळे काठ. म्हणजे त्या लग्नातली साडी पाहून गावोगावच्या सगळ्या बायकांनी एकच विचार केला होता.

तेवढ्यात पोरगी आली. बरोबर तिच्याच वयाची एक उंच, काटक मुलगी होती. मी खांबाआड झाले. माझ्या पोरीनं वाकून पोपटी चिंधीचा एक मोठा, पोचे आलेला जर्मनचा डबा उचलला. तो आमचा नव्हता. मी हाक मारणार, तोच त्या दुसऱ्या मुलीनं आमचा स्टीलचा डबा उचलला. दोघी बाकड्यावर बसल्या आणि दोन्ही डबे उघडून मध्ये ठेवले. जर्मनच्या डब्यात भाकरींची चळत होती, रानातल्या पाथरीची भाजी होती, कारळाची चटणी होती आणि झाकणाच्या भांड्यात घट्ट दही. आमच्यात काय होतं ते मला पाहायची गरज नव्हती.

मी पुढे जाऊन उभी राहिले. पोरीचा घास हातातच राहिला.

“आई? तू?”

“हा डबा कुनाचा?”

“हिच्या घरचा.”

“आन् आपला?”

“तो बी आमचाच. दोन्ही दोघींचेच हायेत आता.”

झालं होतं ते असं. पहिल्याच आठवड्यात चिंधीच्या घोटाळ्यानं डबे बदलले. माझी पोर दुसरीचं जेवण जेवली, ती हिचं. दुसऱ्या दिवशी एकमेकींना शोधून काढलं, पोट धरून हसल्या आणि तेव्हापासून एकत्रच जेवतात. ती मुलगी आमच्याच रस्त्यावरच्या पुढच्या फाट्याची, मेंढरं राखणाऱ्या घरातली. तिनं हे तिच्या आईला सांगितलं. माझ्या पोरीनं मला सांगितलं नाही.

“मला कावून न्हाई सांगितलंस?” माझा आवाज चढला. दोन माणसं वळून पाहायला लागली.

“सांगितलं असतं तर तू म्हनली असतीस, दुसऱ्याचं खानं आपल्याला न्हाई परवडत, चल घरी.”

खोटं बोलली असती तर मी रागावले असते. पण ती खरं बोलली. मी अगदी तेच म्हणणार होते. अर्ज पिशवीतच होता आणि कॉलेज दहा मिनिटांवर. पण मेंढपाळाच्या घरचं अन्न माझी लेक दोन महिने खात होती, आणि त्या बाईला मी ओळखतही नव्हते. आधी तिच्यापुढे जाऊन उभं राहायचं, मग अर्जाचं बघू, असं ठरवून मी परतीची गाडी धरली आणि एक फाटा आधी उतरले.

ती बाई मेंढरं कोंडायच्या वाडग्यात लहान पिल्लांना पाला टाकत होती. मेंढरं रानात गेलेली. मी कोण ते सांगितल्यावर तिनं हात पदराला पुसले आणि माझ्यासाठी पोतं अंथरलं. “अंगनवाडीच्या बाई का? बसा की.”

मी सरळ मुद्द्याला हात घातला. “आक्का, तुमी रोज दोघींचं जेवन पाठवता. हे तुमाला परवडतं का?”

ती हसली. “पाथरीला कुठं दुकान हाय, बाई? मेंढरामागं फिरताना वटीत येती. लोकांच्या रानात मेंढरं बसवतो, ते खताच्या बदल्यात ज्वारी देत्यात. दही शेरडाचं. मी काय इकत आनते?”

मी खाली पाहिलं. पाथरी माझ्याही बांधावर उगवते. बाजारात भाजीचा भाव ऐकून हात मागे घेणारी मी, ती पायानं तुडवून जात होते. रानातला पाला डब्यात घातला तर बीडच्या पोरी हसतील, असं मला वाटायचं.

“तरी बी,” मी म्हटलं, “माझ्या डब्यात काय आसतं ते तुमाला ठावं हाय. ही फेड मला व्हनार न्हाई. मी पोरीला घरीच आनावं म्हनते.”

तिच्या हातातला पाला खाली पडला. मला वाटलं ती मला समजावेल. ती घाबरली.

“आसं नका करू, बाई. तुमची न्हाई ऱ्हायली तर माझी बी न्हाई ऱ्हायची. पयल्या आठवड्यात दोनदा पळून आलती ती. कालेजातलं कायबी उमगंना. तुमची पोरगी क्लासात शिकती आन् संध्याकाळी माझ्या पोरीला घिऊन बसती. रोज, दोन-दोन तास. तो क्लास आमाला ह्या जल्मात परवडायचा न्हाई. भाकर परवडती.”

आयुष्यभर माप घेऊन हिंडणारी बाई मी. डब्यातल्या भाकरी मोजल्या, तेलाचे थेंब मोजले, पोरीचे गालसुद्धा मोजले. आणि माझी पोर रोज काय देते आहे ते माझ्या मापात आलंच नव्हतं. एका क्लासवर दोन पोरी शिकत होत्या आणि एका बाईच्या वेचलेल्या पाल्यावर दोन पोरी वाढत होत्या. हे सगळं त्या दोघींनी आणि या बाईनं मिळून उभं केलं होतं, कुणाला न विचारता, एका भिकार साडीच्या चिंधीवरून. मला त्या बाईच्या पाया पडावंसं वाटलं. पडले असते तर तिनं वेड्यात काढलं असतं, म्हणून नुसता तिचा हात धरून बसले.

दुसरा हप्ता होता तेवढाच होता. पण तो आता दोन पोरींचा होता, आणि तसा पाहिला तर मला तो महाग वाटेना. दोन तुकड्यांत द्यायचं विचारू, नाही म्हणाले तर पुन्हा विचारू, असं मी तिथंच ठरवलं.

निघताना ती घाईनं आत गेली आणि वाटीभर कारळाची चटणी घेऊन आली. बांधून द्यायला तिला कागद सापडेना. मी पिशवीत हात घातला, ह्यांच्या सहीचा अर्ज काढला आणि तिच्यापुढं धरला. तिला वाचता येत नव्हतं. तिनं त्यात चटणी ओतली आणि नीट पुडी बांधली.

“आन् बाई,” ती फाट्यापर्यंत सोडायला आली तेव्हा म्हणाली, “ती चिंधी बदलू नका बरं का.”

घरी पोचले तेव्हा हे जेवायला बसत होते. “दिला का अर्ज?” मी ताटाशेजारी पुडी ठेवली. ह्यांनी ती उलगडली. तेल कागदभर पसरलं होतं, पण खालची सही स्वच्छ दिसत होती. ह्यांनी सहीकडे पाहिलं, मग माझ्याकडे. “पोरगी कुनाचे पैसे आनत न्हाई. सांगते, आधी जेवा,” मी म्हटलं. त्यांनी भाकरीचा तुकडा मोडला, चटणीला लावून खाल्ला, आणि आणखी एक मोडला.

“झकास हाय चटनी,” शेवटी म्हणाले. “उद्या पोरीच्या डब्यात घाल थोडी.”

“तिला रोज मिळती,” मी म्हटलं, आणि सकाळच्या चार जादा भाकरींसाठी पीठ काढायला उठले.