सर्व आवृत्त्यांसाठी

दिग्रसच्या बसस्टँडसमोर, झेरॉक्सच्या दुकानाला लागून 'आडे जनसंपर्क सेवा' अशी पाटी लागली, तेव्हा लोकांना ते आधी लग्न जुळवायचं दुकान वाटलं. दोन बाया तर मुलीचा फोटो घेऊन आतही आल्या. अंजूने त्यांना पाणी दिलं, पंख्याखाली बसवलं आणि समजावून सांगितलं, की मावशी, मी लग्न जुळवत नाही, मी बातमी लिहून पेपरवाल्यांना देते. त्यावर एकीने विचारलं, "मंग पेपरवाले काय करतेत?" प्रश्न इतका रास्त होता, की अंजूने त्यांना आणखी एकेक ग्लास पाणी दिलं.

अंजू देवसिंग आडे ही खेमसिंग नाईक तांड्याची मुलगी. बी.ए. झाल्यावर याच झेरॉक्सच्या दुकानात टायपिंगला बसायची. तिथे लोक प्रेसनोट टाइप करून घ्यायला येत. कुणाचा सेवानिवृत्तीचा सत्कार, कुठे मोफत रक्ततपासणी, कुठल्या जिनिंगमध्ये कापूस खरेदीचा मुहूर्त. कागद वाचला की कळायचं, घटना एका ओळीची आणि उपस्थित मान्यवर चौदा ओळींचे. एखादं नाव राहिलं तर तो माणूस भर बाजारात बोलणं बंद करायचा. अंजूने हळूहळू त्या चौदा ओळी खाली सरकवल्या आणि घटनेची ती एक ओळ वर आणली. बातम्या जशाच्या तशा छापून येऊ लागल्या. मग गिऱ्हाईक दुकानदाराला सोडून तिलाच शोधायला लागलं, आणि तिने शेजारचा गाळा घेतला. जनसंपर्क नावाचा धंदा तिने असा करता करताच शिकून घेतला, शिकवायला कुणी नव्हतंच.

पण एक खोड तिच्या प्रत्येक बातमीत असायची. बातमी कुठलीही असो, तिच्यात खेमसिंग नाईक तांडा यायचाच. नेत्रतपासणी शिबिर असेल, तर 'खेमसिंग नाईक तांड्यातील हंसाबाई देवसिंग आडे यांची प्रथम तपासणी करण्यात आली.' नव्या बँकेचं उद्घाटन असेल, तर पहिल्या खातेदार हंसाबाई देवसिंग आडे. बियाण्याच्या दुकानात पहिली पिशवी घेणाऱ्याही त्याच. हंसाबाई म्हणजे अंजूची आई. बिचारीला या सगळ्या शिबिरांना आणि उद्घाटनांना खरोखर जावं लागे, कारण अंजू खोटं छापत नसे. "आज कायचं हाय?" एवढंच ती विचारायची आणि पदर सारखा करून निघायची. कशाला, हे तिने कधी विचारलं नाही. तिला माहीत होतं.

सगळा खटाटोप ओमसाठी होता.

ओम अंजूचा धाकटा भाऊ. पोलीस भरतीच्या मागे लागला होता. पहाटे धावायचा, आणि उजाडलं की सायकल हाणत दिग्रसला जाऊन बसस्टँडच्या टपरीवर पेपर वाचायचा. पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत, निविदा सूचनासुद्धा. चहा नसला तरी त्याला चालायचं, पेपर लागायचाच. एकदा भरतीत थोडक्यात राहिला, दुसऱ्यांदाही राहिला. त्या वर्षी होळीला सगळा तांडा जमलेला असताना बाप देवसिंग भडकून बोलला, "धावून धावून पोरगं कुठंच नाही पोचलं. आता मले तोंड नको दाखवू." देवसिंग रागीट माणूस, त्याचा राग पहाटेपर्यंत उतरायचा. ओमने पहाटेची वाट पाहिली नाही. मागे एकदा कुठल्याशा ठेकेदाराच्या फोनवरून त्याचा आवाज आला. "चाकणकडं हाय. बरा हाय." पुढे तो नंबर बंद झाला. पोलीस म्हणाले, सज्ञान मुलगा आपल्या मर्जीने गेलेला आहे. अंजू स्वतः जाऊन कंपन्यांच्या गेटांवर फोटो दाखवत फिरली आणि परत आली. तिकडे गेटं फार, आणि फोटोतल्यासारखी बारीक मिशीची पोरंही फार.

तेव्हापासून तिने पेपर धरला. ओम कुठेही असला तरी पेपर वाचत असणार, याबद्दल तिच्या मनात शंका नव्हती. एक दिवस चहा पिता पिता त्याला आपल्या तांड्याचं नाव दिसेल, आईचं नाव दिसेल, आणि तो उठेल.

हे सगळं राजदीपने एका वाक्यात मोडलं. राजदीप हा तिथल्या एका मोठ्या दैनिकाचा दिग्रसचा वार्ताहर, स्वभावाने थट्टेखोर. दातांच्या शिबिराची प्रेसनोट घेऊन अंजू गेली, तेव्हा तो हसत म्हणाला, "ताई, तुमच्या आईचे डोळे पाहून झाले, शुगर पाहून झाली, आता दात. सारा महाराष्ट्र ओळखते समजा त्याईले."

"तेच तर पाहिजे," अंजू म्हणाली.

राजदीपने मान वर केली. "अहो, गंमत केली मी. हे जिल्ह्याचं पान हाय. हे नेरच्या पुढं जात नाही. अमरावतीले दुसरं पान लागते."

"आणि पुण्याला?"

"पुण्याले पुण्याचं. वरचं नाव तेवढं एक, अंदरचा माल ज्याचा त्याचा."

अंजूने दातांची प्रेसनोट टेबलावर ठेवली आणि बाहेर आली. सबंध वर्षभर ती आईला या मांडवातून त्या मांडवात फिरवत होती, आणि त्यातली एक ओळही वर्धेपर्यंत पोचली नव्हती. पेपरचं नाव एक, म्हणजे पेपर एक, असं ती धरून चालली होती. रोज पेपरवाल्यांत उठबस करणाऱ्या बाईला एवढं कळू नये, याची तिला लाज वाटली, आणि लाजेपेक्षा जास्त रडू आलं. गाळ्याचं शटर अर्धं ओढून ती आत बसून राहिली.

दुसऱ्या दिवशी राजदीप आपणहून आला. त्याला कारण माहीत नव्हतं, पण आपण काहीतरी वर्मी बोललो, एवढं त्याला समजलं होतं. त्याने सांगितलं, की रविवारची पुरवणी सगळीकडे सारखी असते. ती पुण्याहून निघते, तिथे इंदुताई म्हणून संपादक आहेत, हा त्यांचा नंबर. "पण तिथं उपस्थित मान्यवर चालत नाहीत," तो म्हणाला.

अंजूने बंजारा भरतकामावर लेख सुचवला. इंदुताई फोनवर म्हणाल्या, "हे दर दिवाळीला येतं हो. नवीन काय आहे यात? आणि आत्ताच का?" अंजूने तांड्यातल्या पहिल्या पदवीधर मुलींवर सुचवलं. "चांगलं आहे, पण तुमच्या जिल्ह्यात द्या." तिने होळीच्या लेंगी गाण्यांवर सुचवलं. तेही छापून झालेलं होतं. बाई तुटक बोलायच्या, पण फोन उचलायच्या. चौथ्या खेपेला त्यांनीच विचारलं, "अंजू, खरं सांग. तुला या पुरवणीत काय छापून हवंय?"

आणि अंजूने सांगून टाकलं. ओम, भरती, होळी, बाप काय बोलला ते, आईचे डोळे, दात, सगळं.

इंदुताईंनी सगळं ऐकून घेतलं. मग इंदुताई म्हणाल्या, "मग हेच लिही ना. आईचा मोठा फोटो पाठव. मी पूर्ण पान देते. सर्व आवृत्त्यांसाठी."

ज्या गोष्टीसाठी अंजू वर्षभर धडपडली, ती अशी आयती पदरात पडली. तिने एका बैठकीत लिहिलं. चांगलं लिहिलं, इतकं चांगलं, की वाचताना तिचाच ऊर भरून आला. संध्याकाळी तांड्यावर जाऊन तिने आईबापाला वाचून दाखवलं. देवसिंगचं वाक्य आलं, तेव्हा ती अडखळली.

"वाच," देवसिंग म्हणाला. "बोललो ते बोललो. छापू दे. माह्या नावानं छाप."

बापाने एवढं कबूल करावं, हे अंजूला अपेक्षित नव्हतं. पण हंसाबाईने मान हलवली. घरात बंजाऱ्यांची गोरबोली आणि दिग्रसच्या बाजारातली वऱ्हाडी अशी मिसळ चालायची, आणि हंसाबाई चिडली की तिच्या तोंडी नुसती वऱ्हाडी यायची.

"काहून छापतं?" ती म्हणाली. "एका तांड्यासमोर बोलले तं लेकरू गेलं. तू तेच साऱ्या मुलखासमोर बोलून राह्यली. टपरीवर बसला असन, बाजूले त्याच्या कंपनीतले पोरं असन. पेपर उघडला अन् हे निघालं, तं काय करन तो? घरी येईन? तिथूनबी जाईन."

"पण आई, मग त्याला कळणार कसं?"

"काय कळवतं त्याले? तो गेला हे त्याले माहीत हाय. त्याले हे कळव का आमी इथं हावो."

अंजूला राग आला. हातातोंडाशी आलेलं आई घालवते आहे, असं वाटलं. जेवण न करता ती ओट्यावर जाऊन बसली. होळी आठवड्यावर आली होती. समोर लालूकाकाच्या कुलूप लावलेल्या घराचं अंगण ताजं सारवलेलं दिसत होतं. लालूकाकाचं कुटुंब ऊसतोडीला सांगलीकडे. तांड्यातली अर्धी घरं अशीच बंद असत, आणि होळी जवळ आली की मागे राहिलेल्या बाया आपल्या अंगणाबरोबर त्या बंद घरांचीही अंगणं सारवून ठेवत. येणारा दमूनभागून येतो, त्याला उंबऱ्यावर धूळ दिसू नये म्हणून. जो येणार नाही असं पक्कं माहीत असे, त्याचंही अंगण सुटत नसे. अंजूने लहानपणापासून हे पाहिलं होतं, शेणाच्या पाट्या वाहिल्या होत्या, आणि यात सांगण्यासारखं काही आहे, असं तिच्या डोक्यात कधी आलं नव्हतं.

सकाळी तिने इंदुताईंना फोन केला. "ते पान नको. आईची मर्जी नाही. दुसरं आहे." आणि सारवणाचं सांगितलं. बाई नाराज झाल्या, त्यांनी ते लपवलंही नाही. पण ऐकता ऐकता त्यांचे प्रश्न वाढत गेले, आणि शेवटी म्हणाल्या, "अर्धं पान. रविवारी. फोटो आजच पाठव."

लेखात ओमचं नाव नव्हतं. देवसिंगचं वाक्य नव्हतं. हंसाबाई बंद घरासमोर वाकून सारवते आहे, असा फोटो होता, खाली तिचं नाव, तांड्याचं नाव. शेवटी अंजूने लिहिलं होतं, की ज्यांना जमेल त्यांनी यावं, ज्यांना जमणार नाही त्यांचंही अंगण तयार आहे. लेखाखाली, रीतीप्रमाणे, लेखिकेचा मोबाइल नंबर.

रविवारी उजाडल्यापासून फोन वाजायला लागला. सांगलीहून आला, सुरतेहून आला, नाशिकच्या बांधकामावरून आला. बाप्ये माणसं, ज्यांनी आयुष्यात कुणा लेखिकेला फोन केला नसेल, ती गोरबोलीत विचारत होती, की आमचं घर दिसतं का गं फोटोत. एकजण नुसताच हसत राहिला. प्रत्येक वेळी अंजूचा हात धावायचा आणि आवाज ऐकला की थांबायचा. देवसिंग काम नसताना अंगणातच घुटमळत होता. हंसाबाई चुलीपाशी बसून प्रत्येक फोनला अंजूच्या तोंडाकडे पाहत होती.

दुपारी एक फोन आला. पलीकडे यंत्रांचा आवाज होता. मग पोरसवदा आवाज आला, "याडी हाय का?"

गोरबोलीत आईला याडी म्हणतात. अंजूने काही न विचारता फोन आईच्या हातात दिला.

हंसाबाईने तो दोन्ही हातांनी धरला. "बोल लेकरा," म्हणाली, आणि ऐकत राहिली. थोड्या वेळाने तिचे खांदे खाली आले. तो ओम नव्हता. महागावकडच्या एका तांड्याचा मुलगा होता, चाकणलाच कंपनीत. घरी भांडून आलेला. फोटोतली बाई वाकलेली पाहिली आणि राहवलं नाही, म्हणत होता. तिने त्याला जेवला का विचारलं. कुठे झोपतो, भाकरी कोण टाकतं, ताप आला तर कोण पाहतं. ओमला विचारायचं म्हणून जे जे साठवलं होतं, ते सगळं ती त्याला विचारत गेली, आणि तो उत्तरं देत गेला. तिचा चेहरा इतका निवला होता, की अंजूला वाटलं, हे संपूच नये.

मग हंसाबाईने विचारलं, "तुही याडी हाय ना घरी?"

तो काहीतरी म्हणाला.

"मंग मले कायले फोन लावला?" ती म्हणाली. "ठेव. तिले लाव. आत्ता लाव, मंग नाही." आणि फोन कसा कापतात हे तिला नीट येत नसल्यामुळे तिने तो अंजूपुढे धरला. "काप," म्हणाली.

अंजूने कापला.

हंसाबाई गुडघ्यात तोंड घालून रडली. ओम गेल्यापासून तिला असं रडताना कुणी पाहिलं नव्हतं. देवसिंग दारात येऊन उभा राहिला.

"अजून बोलला असता, आई," अंजू म्हणाली. "तू काहून ठेवलास?"

"मलेबी वाटे, बोलू द्यावं," हंसाबाई म्हणाली. "ओमच हाय म्हणून आयकत बसावं. पण तिकडंबी एक बाई बसली हाय ना, फोनकडं पाहत."