आवाज बंद केला तेव्हा
नव्या मांजरपाटाच्या खळीचा वास आला की मिल बंद पडली त्या दिवसांतली एक दुपार आठवते. बाबा मिलमध्ये मागावर होते. मागांच्या खडखडाटात काही ऐकू येत नसे, म्हणून तिथे सगळे नुसते ओठ हलवून बोलत. बाबा घरीही तसंच बोलत, आणि आईला ते सगळं कळे. त्या दिवशी कामगार राजवाड्यासमोर धरणं धरून बसले होते आणि केबलवरची दोन चॅनल ते लाइव्ह दाखवत होती. एकावरचा बातमीदार ओरडत होता, "लाठियां चल गईं," आणि दुसऱ्यावरचा, "माहौल शांत है." मी घाबरून चॅनल बदलत राहिले. शेवटी आई म्हणाली, "दोघांचाही आवाज बंद कर. चेहरे तर बघू दे." आवाज गेला आणि बातमीदाराच्या मागे, गर्दीत, बाबा दिसले. कॅमेऱ्याकडे बघून त्यांनी सावकाश ओठ हलवले. आई पदराला हात पुसत उठली. "ठीक आहेत. म्हणतायत, जेवून घ्या." मग तिने सकाळचं वरण गरम करायला ठेवलं. आता चॅनल ढिगाने झालीत. कुठे मोर्चा दिसला की मी आवाज बंद करते आणि मागच्या माणसांचे ओठ बघत बसते. कुणाच्या तरी घरी जेवण खोळंबलं असेल.