डेटाबेस उठायच्या आधी

नव्वदच्या दशकात मी अंबरनाथच्या एका रसायन कारखान्यात कॉम्प्युटर ऑपरेटर होते. शुक्रवारी कारखान्याला सुट्टी, म्हणून कॉम्प्युटरचं मशीनही बंद. शनिवारी पहाटे वॉचमन ते चालू करायचा. मग डेटाबेस, म्हणजे कामगारांच्या नोंदींचा साठा, आपोआप सुरू व्हायचा, एक छोटी स्क्रिप्ट, म्हणजे आपोआप चालणाऱ्या आज्ञांची फाईल, त्यात कंत्राटी कामगारांची नवी यादी भरायची आणि छापलेला कागद गेटवर जायचा.

पण ही स्क्रिप्ट डेटाबेससाठी थांबायचीच नाही. त्याला उठायला चार-पाच मिनिटं लागत. ही आधीच धावायची, आपटायची आणि अवाक्षर न काढता बंद व्हायची. गेटवर जुनीच यादी जायची.

मी आमच्या विभागाच्या साहेबांना दोनदा सांगितलं होतं की स्क्रिप्टने आधी डेटाबेस चालू झालाय का ते बघावं, नसेल तर थांबावं, आणि मग एकदाच चालावं. दोनदा चालली तर नावं दुबार पडतात. ते म्हणाले, स्क्रिप्ट कॉम्प्युटरच्या पुरवठादाराने लिहिलेली आहे, त्याच्या कामाला हात लावायचा नाही, ऑपरेटरने बटणं दाबावीत.

एका शनिवारी नऊला पोचले तर गेटबाहेर बारवी धरणाकडच्या पाड्यावरची एक बाई बसलेली. पॅकिंगला तिचा पहिला दिवस. सातच्या पाळीला यायचं म्हणून अंधारात निघाली होती. यादीत नाव नाही, म्हणून आत घेतलं नव्हतं.

"माजं नाव कोनी खाल्लं, बाय?" तिने मला विचारलं.

मी धावत वर गेले, स्क्रिप्ट हाताने चालवली. नाव आलं. कागद घेऊन साहेबांकडे गेले, तर त्यांनी मान वर न करता सांगितलं, "पाळी सुरू झालीय. उद्या येऊ दे तिला."

मी गेटवर येऊन तिला ते सांगितलं, तशी बाई पाड्याच्या वाटेने परत चालू लागली. माझं डोकं फिरलं.

त्याच दुपारी, कुणाला न विचारता, मी स्क्रिप्टमध्ये थांबायच्या चार ओळी घातल्या आणि काम झाल्याची एक खूणफाईल ठेवली. ती खूण दिसली की त्या दिवशी स्क्रिप्ट पुन्हा चालणार नाही. पुढच्या शनिवारी पहाटे यादी बिनचूक छापली गेली.

सोमवारी मला मेमो मिळाला: विनापरवानगी फेरफार. माफी मागा, साहेब म्हणाले. मी फेरफार केल्याचं लिहून दिलं, माफीचा शब्द घातला नाही. माझ्या ओळी मात्र त्यांनी काढल्या नाहीत. कारखाना सोडला तेव्हाही त्या तिथेच होत्या.

बाई तेव्हा दुसऱ्याच दिवशी, रविवारी, कामाला आली आणि टिकली. हजेरीत तिच्या नावापुढे त्या पहिल्या शनिवारच्या रकान्यात लिहिलं होतं: गैरहजर. ते खोडायला साहेबांनी अखेरपर्यंत नकार दिला.