दुसरा शनिवार, सकाळी साडेसहा

जयवंत परबांना लालबागमध्ये कोणी गाण्यातला माणूस म्हणत नाही, आणि त्यांची त्याबद्दल तक्रारही नाही. त्यांना स्वतःला सा लावता येत नाही. गणपतीच्या आरतीत ते टाळ वाजवतात, तोही त्यांच्या पत्नी कमलताईंच्या मते अर्धी मात्रा उशिरा. तरी गेली अठरा वर्षं ठाकूरद्वारच्या संगीत बैठक मंडळाचे चिटणीस तेच आहेत. ते नसते तर हे मंडळ कधीच गाशा गुंडाळून मोकळं झालं असतं, हे मंडळातले सगळे जाणतात, फक्त बोलून दाखवत नाहीत.

हे मंडळ म्हणजे काय प्रकरण आहे ते आधी सांगायला हवं. एका जुन्या वाचनालयाचा दुसरा मजला, पांढऱ्या चादरी घातलेल्या गाद्या, साठ माणसं आणि समोर दोन-तीन कलावंत. माईक नाही. कधीच नव्हता. त्यामुळे आसपासचे लोक या मंडळाला 'बिनमाईकवाले' म्हणतात. ऑगस्ट ते डिसेंबर, दर महिन्याचा दुसरा शनिवार, अशा वर्षाला पाच बैठका. शेवटच्या रांगेत बसलेल्याला तंबोऱ्याची तार ऐकू यायला हवी, म्हणून साठाच्या वर एक माणूस घ्यायचा नाही. अलीकडे साठ भरतच नाहीत, हा भाग वेगळा. गाद्यांची जागा दर वर्षी थोडी कमी होते आणि भिंतीकडेच्या खुर्च्या वाढतात, कारण गुडघे सगळ्यांचेच बोलायला लागलेत.

जयवंतराव इथे आले ते सतरंज्या घालायला. वडील कणकवलीहून गिरणीत आलेले, मुलगाही त्याच गिरणीत स्पिनिंग खात्यात चिकटला. संपानंतर गिरणी सुटली आणि ते एका बँकेत शिपाई म्हणून लागले. तिथले साहेब नाडकर्णी, त्यांनीच हे मंडळ काढलेलं. त्यांनी एका शनिवारी "परब, जरा बैठक घालायला याल का?" म्हणून विचारलं. बैठक घालून झाल्यावर जयवंत दाराशी उभे राहिले, आणि समोरच्या बाईंनी नुसता तंबोरा छेडला तेव्हा त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. खात्यात सहा वर्षं आठ-आठ तास यंत्रांच्या घरघरीत काढलेली. तिथे शेजारच्याशी बोलायचं तर ओठांकडे बघून बोलायचं. इतका बारीक आवाज इतकी माणसं एकत्र बसून, श्वास धरून ऐकतात, हे त्यांना ठाऊकच नव्हतं. नंतर ते त्या दारातून हलले नाहीत.

नाडकर्णीसाहेबांनी जाताना त्यांच्या गळ्यात चिटणीसपद घातलं आणि एक नियमही. छापलेली तारीख बदलायची नाही. कलावंताला ताप येवो, शहरात पाणी भरो, बैठक त्या तारखेला होणार. लॉकडाऊनची दोन वर्षं सोडली तर बेचाळीस वर्षांत तारीख हलली नव्हती. जयवंतरावांना या गोष्टीचा इतका अभिमान की लग्नाच्या पंगतीतसुद्धा ते हा विषय काढत आणि कमलताई 'आता आवरा' म्हणून त्यांच्या पानात मुद्दाम मठ्ठा वाढत.

यंदाची पहिली बैठक त्यांच्या जास्तच जिव्हाळ्याची होती. दादरच्या बाजारात काशीबाई वैती मासळी विकतात, शीव कोळीवाड्याच्या. तीस वर्षं परबांच्या घरची सुरमई आणि बोंबील त्यांच्याच पाटीवरून येतात. काशीबाई दोन वर्षं पिच्छा पुरवत होत्या. "जयवंतभाव, माझी पोर वायलिन वाजवते. तुमचे मंडलान घ्या की तिला." जयवंतराव हसून वेळ मारून नेत. आपली पोर कोणाला चांगली वाटत नाही? मग एका गुरुपौर्णिमेच्या कार्यक्रमात त्यांनी दादरला या पोरीला, शेफालीला, ऐकलं आणि बाजारात जाऊन सरळ हात जोडले. काशीबाईंची एकच अट होती. पहिल्या रांगेत, पोरीच्या समोर, त्या बसणार. जयवंतरावांनी शब्द दिला.

आता चूक कशी झाली ते ऐका. मंडळाच्या तारखा ठरतात जानेवारीत, बँकेकडून मिळालेल्या डायरीवरून. ती डायरी जयवंतराव निवृत्त होऊनही दर वर्षी हक्काने जाऊन घेऊन येतात. डायरीत दुसऱ्या शनिवारी लाल ठिपका असतो, तिथी नसते. पाच ठिपके बघितले, पाच तारखा लिहिल्या. ऑगस्टला शेफालीचं व्हायोलिन, सप्टेंबरला भोपाळचं धृपद, ऑक्टोबरला बासरी, नोव्हेंबरला पेटीवर नाट्यपदं, डिसेंबरला ख्याल. सगळ्यांची वेळ संध्याकाळी साडेसहा. भिंतीवर तिथीवाराचं कॅलेंडर लटकत होतं, पण चाळीस वर्षांची सवय अशी की माणूस भिंतीकडे बघतच नाही.

जुलैच्या मध्यात कार्डं छापून आली. पहिलं कार्ड काशीबाईंना द्यायचं म्हणून जयवंतराव बाजारात गेले. काशीबाईंनी ओला हात पदराला पुसला, कार्ड लांब धरून वाचलं आणि पुन्हा पहिल्यापासून वाचलं. 

"त्या दिसाला नारली पुनव हाय, जयवंतभाव."

जयवंतरावांना आधी कळलंच नाही. कळलं तेव्हा त्यांनी कार्ड परत हातात घेऊन तारीख वाचली.

"सांजचे टायमाला आमची मिरवनूक निघते. होडीची पूजा, नारल सोडायचा. माझे सासऱ्याचे टायमापासून आमचे घरचा मान हाय. मी घरान नसले तर कसा चालंल? आनि तुमची तारीक तर बदलत नाय."

शेवटचं वाक्य त्या रागाने बोलल्या नाहीत, हेच जयवंतरावांना जास्त लागलं. तारीख बदलत नाही हे त्यांनीच तर तीस वर्षं या पाटीसमोर उभं राहून सांगितलं होतं. शेफालीलाही नारळी पौर्णिमा लक्षात आली नसेल का? आली असणार, असं काशीबाई म्हणाल्या. पण एवढ्या मोठ्या मंडळाने बोलावलंय तर सणाचं कसं सांगायचं, म्हणून पोरगी तोंड मिटून बसली असणार.

घरी आल्यावर कमलताईंनी विचारलं, "मासे खंय?" जयवंतरावांनी सगळं सांगितलं.

"तुमका एवढाही कळाक नको? त्याच दिवशी राखी असता. तुमका बहीण नाय म्हणान दुनियेक नाय काय?"

म्हणजे मंडळातलेही निम्मे बहिणींकडे गेले असते. एका दगडात दोन पक्षी मारतात लोक, जयवंतरावांनी एका डायरीत दोन सण मारले होते. त्या दिवशी ते जेवले नाहीत. तारीख बदलली तर नाडकर्णीसाहेबांना दिलेला शब्द जातो, नाही बदलली तर काशीबाईंना दिलेला. 

दुसऱ्या दिवशी ते मंडळाच्या अध्यक्ष वैदेहीताईंकडे गिरगावात गेले. वय ब्याऐंशी, आवाज अजून कडक. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "तारीख हलणार नाही जयवंतराव. सप्टेंबरच्या गवयांची तिकिटं झालीत, पुढे सरकवायला जागाच नाही. पण नियम तारखेचा आहे. वेळेचा कुठे आहे? सकाळी करा."

"सकाळी कोण येणार, ताई?"

"अहो, आपल्याकडे साठीच्या खालचं कोण आहे? आपल्याला उठवावं लागत नाही, झोपवावं लागतं. त्यातून श्रावण. शनिवारी सकाळी बाजारात जाऊन तुम्ही घेणार काय? घोसाळी?"

खरी अडचण पुढे होती. संध्याकाळच्या बैठकीसाठी शेफालीने चार महिने पूरिया धनाश्री तयार केला होता. सकाळी तो वाजवता येत नाही. बाकी जगात चालेल, या मंडळात नाही. सकाळी साडेसहा वाजता संध्याकाळचा राग काढला तर वैदेहीताई उठून निघून गेल्या असत्या. आणि जेमतेम तीन आठवड्यांवर आलेल्या बैठकीसाठी नवा राग मागायचा कोणत्या तोंडाने?

शेफाली एका शाळेत संगीत शिकवते. शाळा सुटल्यावर जयवंतराव तिला फाटकाबाहेर भेटले. तिने ऐकून घेतलं आणि पिशवीचा पट्टा पिरगाळत म्हणाली,

"काका, सकाळचं मी कधी लोकांसमोर वाजवलेलं नाही."

"येत नाही का? तसं असेल तर राहू दे. मी दुसरं काहीतरी बघतो."

"येतं. म्हणजे माझा रियाजच सकाळचा. वर्षानुवर्षं भैरवच वाजवते. आई चार वाजता मासळी घ्यायला धक्क्यावर निघते, तिच्या मागे दार लावलं की सुरू. साडेसहापर्यंत. नंतर घरात पाणी, डबे, माणसं. संध्याकाळी तर विचारूच नका."

जयवंतरावांनी सहज विचारलं, "मग आईने ऐकलाय कधी तुझा भैरव?"

शेफाली बोटांवर काहीतरी मोजायला लागली. ती हिशेब करत असावी. सणावारी आई घरी असते, पण तेव्हा घर भरलेलं. आजारी असते तेव्हा तिला झोपू द्यायचं. हळदीला वाजवलेली कोळीगीतं आईने ऐकली होती, गुरुपौर्णिमेचं दहा मिनिटांचं ऐकलं होतं.

"नाही," ती म्हणाली. "सोळा वर्षं झाली. एकदाही नाही."

 मग शेफालीनेच विचारलं, "साडेसहाला सुरू केलं तर आठला संपेल ना? करंज्या तळायला आईला परत पोचायला लागेल."

पुढचे तीन दिवस परबांचं जेवणाचं टेबल मंडळाचं कार्यालय झालं. दोनशे कार्डांवर 'संध्याकाळी' खोडून निळ्या शाईने 'सकाळी' लिहायचं होतं. जयवंतरावांचं अक्षर बरं, म्हणून खोडायचं काम कमलताईंनी घेतलं. "बेचाळीस वर्सांची अक्कल खोडतंय," असं म्हणत त्यांनी एकेक शब्द मनापासून खोडला. कार्डं वाटताना बहुतेकांनी नाकं मुरडली. एका सभासदाने तर सकाळी पोट साफ होण्याआधी भैरव ऐकायचा का, असं विचारलं.

नऊ ऑगस्टला सव्वासहा वाजता हॉलमध्ये एकेचाळीस माणसं होती. साडेसहाला त्रेपन्न. जयवंतरावांनी पहिल्या रांगेतली एक जागा हाताने धरून ठेवली होती. आणि काशीबाई आल्या. सणाची हिरवी नऊवारी, गळ्यात सोनं, अंबाड्यावर भरगच्च वेणी. मागून चार जावा आणि दोन सुना, सगळ्या तशाच नटलेल्या. बिनमाईकवाल्यांच्या त्या पांढऱ्या, कुजबुजत्या खोलीत एवढा रंग कधी आला नव्हता. वैदेहीताई भिंतीकडच्या खुर्चीवरून उठल्या, आपली खुर्ची एका म्हाताऱ्या जावेला दिली आणि स्वतः गादीवर बसल्या. गुडघ्याचं त्यांनी काय केलं देव जाणे. मोजले तर बरोबर साठ.

शेफालीने गज तारेवर ठेवला. भैरवाचा कोमल रिषभ हलत हलत आला आणि थांबला. तिने डोळे मिटले होते, घरच्या अंधारात वाजवत असावी तसे. जयवंतरावांचं मात्र व्हायोलिनकडे लक्ष नव्हतं. ते काशीबाईंकडे बघत होते. बाजारात दहा गिऱ्हाइकांशी एकाच वेळी बोलणारी ती बाई मांडीवर हात ठेवून बसली होती. तिला राग कळत नव्हता, आलाप कळत नव्हता. पण एवढ्या वेळात तिने एकदाही मान वळवली नाही, आणि बांगडी वाजू नये म्हणून एका हाताने दुसरं मनगट घट्ट धरून ठेवलं होतं.

आठला पाच कमी असताना वाजवणं संपलं. साठ माणसांची दाद आली. शेफाली वाद्य ठेवून आईच्या पाया पडायला वाकली. काशीबाईंनी तिला उठवलं नाही, तिच्या डोक्यावर हात ठेवून तशाच बसल्या.

"ह्या असाच वाजवतेस रोज? मी दार लावून गेल्यावर?"

"हो."

काशीबाईंनी पदराने डोळे पुसले आणि जयवंतरावांकडे वळल्या. आवाज त्यांचा बाजारातलाच होता. "जयवंतभाव, सोला वरसं मी दाराचे भाएर उभी होते रे."

 जयवंतराव चटकन उठून चहाच्या किटलीकडे गेले, पण तिथे त्यांना कप दिसेनात. मागे काशीबाई पोरीला सांगत होत्या, "उद्यापासून मी अर्धा तास उशिरा निघनार. एकादी टोपली कमी मिलंल. मिलू दे. तू साडेतीनला उठ."