गरातली सुई

अस्लमचा फोन आला तेव्हा मी केळीच्या दोन नंबरच्या चेंबरचं दार उघडून उभा होतो. अस्लम म्हणजे रऊफभाई मिस्त्रींचा धाकटा भाऊ, एरवी मला कधी फोन करत नाही. "नाना, भाई गेले," म्हणाला. मी विचारलं, "कुठे गेले?" खरंच विचारलं. आत अठरा डिग्री, बाहेर फैजपूरचं चैत्रातलं ऊन, आणि मी उंबऱ्यावर उभा राहून विचारतोय की कुठे गेले... पलीकडून आवाज येईना तेव्हा कळलं. दुपारी जेवून गॅरेजमधल्या खाटेवर पडले होते, चहाला उठवायला गेले तर उठलेच नाहीत. दुसऱ्या दिवशी सकाळी धुळ्याला जाऊन माती दिली आणि कोणाशी न बोलता परत आलो. बायकोशिवाय कोणाला सांगितलंही नाही, कोण गेलं ते. बोलायला तोंडच नव्हतं. अडीच महिने आमचा अबोला होता, आणि तो मी धरलेला होता.

रऊफभाईंचं गॅरेज धुळ्यात देवपूरला. ऑटोमॅटिक गाड्यांचे गिअरबॉक्स उघडणारा एवढा जाणता माणूस या भागात दुसरा नव्हता, हे मी त्यांचा मित्र म्हणून सांगत नाही, नाशिकचे लोक गाड्या टो करून त्यांच्याकडे आणायचे म्हणून सांगतो. मी केळीवाला. कच्ची केळी पिकवायचे तीन रायपनिंग चेंबर आहेत माझे. पन्नाशी उलटल्यावर माणसं देवधर्माला लागतात, मला गाडीचं वेड लागलं. नाशिकच्या एका डॉक्टरांची जुनी काळी जर्मन गाडी घेतली, पुण्याला पाठवून इंजिनाची ताकद जवळजवळ दुप्पट करून आणली आणि मिरवायला म्हणून रऊफभाईंच्या दारात नेऊन उभी केली. त्यांनी बॉनेट उघडलंच नाही. खाली बसले, गिअरबॉक्सखाली हात घातला आणि म्हणाले, "नाना, घोडे वाढवले, पण त्यांचा घाम कोण पुसेल?"

त्या घामापायी पुढची तीन वर्षं गेली. ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचा जीव त्याच्या तेलात असतो. इंजिनाची ताकद चाकांकडे जाते ती तेलातून, आणि ताकद वाढली की तेल तापतं. शंभरच्या पुढे सारखं तापत राहिलं की ते करपतं, आतल्या पट्ट्या घसरायला लागतात आणि एक दिवस भर वेगात गाडी हातातून जाते. रऊफभाईंनी तळाला बाहेरून पंखांसारख्या पात्या असलेला मोठा ट्रे बसवला, म्हणजे तेल जास्त मावेल आणि वाऱ्यानं निवेल. बंपरमागे वेगळा कूलर लावला, त्याला स्वतंत्र पंखा दिला. सायलेन्सरजवळून जाणाऱ्या नळ्या लांबून फिरवून आणल्या. प्रत्येक सांध्यावर सायकलच्या ट्यूबची बारीक पट्टी गुंडाळायचे, डावखुरे असल्यामुळे उलट्या बाजूनं, आणि टोक आत खोचून टाकायचे. मला सक्त ताकीद होती की गाडी जोरात पळवली की लगेच बंद करायची नाही, दोन-तीन किलोमीटर हळू चालवायची, म्हणजे तेल फिरून निवतं. मी विसरायचो. त्यांना ते कळायचं.

कसं कळायचं, हे मला आजही सांगता येणार नाही. हाताचं समजू शकतो. गाडीत शेजारी बसले की तळवा मधल्या उंचवट्यावर टेकवायचे आणि "अठ्ठ्याण्णव" म्हणायचे, थर्मामीटर लावला तर अठ्ठ्याण्णव. पण एकदा पारोळ्याहून एका ट्रकवाल्याशी ईर्षेनं पळवत आलो, गॅरेजच्या फाटकातून आत शिरलो, तर ते पाठमोरे बसून भलत्याच गाडीचा व्हॉल्व्ह घासत होते. मान न वळवता म्हणाले, "एकशे अकरा. आता बंद नका करू." मी चिडलो. मला न कळणाऱ्या गोष्टींची मला चीड येते. म्हटलं, "हात न लावता कसं सांगता?" तर म्हणाले, "ती सांगस ना." हसले नाहीत. मी वाट पाहिली हसण्याची, पण ते व्हॉल्व्हच घासत राहिले. अस्लमनं मात्र चहाचा कप ठेवून माझ्याकडे बघितलं आणि नजर खाली घातली.

आता माझी करणी सांगतो. तेलाचं तापमान दाखवायला समोर आकडा हवा होता, म्हणून मी माझ्या चेंबरमधला एक सेन्सर आणि डिजिटल मीटर काढून दिला. सेन्सर लावायचा गिअरबॉक्समधून गरम तेल बाहेर पडतं त्या नळीवर. पण तिथे लावला की मे महिन्यात आकडा शंभरच्या वर जायचा, आणि गाडीवेडी पोरं बघायला आली की मला लाज वाटायची. मी म्हटलं, कूलरमधून थंड होऊन परत येतं त्या नळीवर लावा. तिथे आकडा अठ्ठ्याहत्तर. रऊफभाई म्हणाले, "नाना, हा खोटा आकडा शे." मी हट्ट धरला. त्यांनी लावला, पण लावताना म्हणाले, "आज तुमच्या मर्जीनं लावतो. एक दिवस काढून नीट जागी लावीन." वर्षभर मी लोकांना अठ्ठ्याहत्तर दाखवत फिरलो, आणि सांगायला शरम वाटते, मला स्वतःलाही तो खराच वाटायला लागला.

यंदा संक्रांतीनंतर मध्य प्रदेशातल्या एका बंद पडलेल्या धावपट्टीवर गाड्या पळवायचं ठरलं होतं. रऊफभाई माझ्याबरोबर आले. पहिल्या फेरीनंतर खाली वाकून तेलाचा वास घेतला आणि सगळ्यांसमोर म्हणाले, "आता पळवू नका. दहा मिनिटं द्या, सेन्सर गरम नळीवर घेतो, मग बघा काय दिसतं." मी म्हटलं, मीटर ऐंशी दाखवतोय. तेव्हा ते बोलले ते माझ्या वर्मावर बसलं. "तुम्ही तुमच्या माणसांना ओरडता ना, भिंतीवरचा आकडा वाचू नका, केळीच्या गरात सुई खुपसा म्हणून? मग इथं सुई भिंतीवर का लावली?" खरं होतं. वीस वर्षं मी हेच ओरडत आलोय. खोली अठरा दाखवते आणि केळी आतून बावीसवर पोचलेली असते, तेवढ्यात अख्खा माल जातो. पोरं हसली. माझं डोकं फिरलं. म्हटलं, "मिस्त्री, तुम्ही पाने फिरवा. टेंपरेचर मला शिकवू नका." तीन वर्षांत त्यांना भाई सोडून मिस्त्री कधी म्हटलं नव्हतं. ते उठले, हात पुसले, बाजूला जाऊन उभे राहिले. मी आणखी दोन फेऱ्या मारल्या, टाळ्या घेतल्या आणि त्यांना तिथेच सोडून घरी निघून आलो. एकसष्ट वर्षांचा माणूस, पाय सुजलेले, दोन एसटी बदलून धुळ्याला पोचला.

गाडी शेडमध्ये उभी केली, कुलूप लावलं, किल्ली फाटकावरच्या राखणदार सुपडूकडे दिली. रोज वाटायचं फोन करावा. रोज वाटायचं त्यांनी करावा. मग अस्लमचा फोन आला... त्यानंतर माझ्या डोक्यात एकच किडा होता. माणूस माझ्यावर रागावून गेला का? दुसरं काही नको होतं मला, एवढंच कळायला हवं होतं, आणि सांगणारं कोणी उरलं नव्हतं.

चाळिसाव्याला धुळ्याला जायचं होतं. म्हटलं, काळी गाडीच न्यावी, त्यांच्या हातची आहे. सकाळी निघालो. जळगाव सोडलं, रस्ता मोकळा, गाडी सत्तरच्या आत. मीटरवर ब्याण्णव. मला वाटलं डोळे फसले. एरंडोलच्या पुढे एकशे एक. या मीटरनं जन्मात नव्वद दाखवलं नव्हतं. पारोळ्याच्या अलीकडे एकशे सात झालं. थांबावंसं वाटलं, पण गाडी एकदम बंद करायची नाही हे त्यांचं बोलणं आठवलं आणि तसाच हळूहळू चालवत राहिलो. आकडा उतरला. शंभर, सत्त्याण्णव, त्र्याण्णव. गाडीत मी एकटा होतो. काचा बंद होत्या. शेजारच्या सीटकडे मी पारोळ्यापासून धुळ्यापर्यंत एकदाही बघितलं नाही, आणि का बघितलं नाही ते मला माहीत आहे.

देवपूरला पोचल्यावर अस्लमला म्हटलं, गिअरबॉक्स गेला बहुतेक, बघ. त्यानं गाडी वर घेतली, बॅटरी लावून खाली शिरला आणि एकेक नळी बोटानं चाचपत गेला. मग म्हणाला, "नाना, गिअरबॉक्स चांगला आहे. सेन्सर गरम नळीवर आहे." मी वाकून पाहिलं. थंड नळीवरचं भोक बुच मारून बंद केलेलं, वर ट्यूबची पट्टी, उलट्या बाजूनं गुंडाळलेली, टोक आत खोचलेलं. सेन्सरवरही तशीच. अस्लम म्हणाला, नळी सोडली की लिटरभर तेल सांडतंच, पण पातळी बरोबर रेघेवर होती. माझ्या शेडच्या फरशीवर तर थेंब नव्हता, सकाळीच मी झाडून घेतली होती. "तू आलतास का रे फैजपूरला?" मी विचारलं. "नाही नाना. मी कशाला भाईच्या कामाला हात लावू?"

मी तिथेच टायरवर बसलो आणि रडलो. लाज वाटली नाही. मला न सांगता ते येऊन गेले होते, बोलल्याप्रमाणे सेन्सर हलवून गेले होते, म्हणजे राग नव्हता. सुटलो असं वाटलं. आत जाऊन भाभींना म्हटलं, "भाभी, भाई मला माफ करून गेले. माझ्याकडे येऊन काम करून गेले." भाभी पदराला हात पुसत माझ्याकडे बघत राहिल्या. म्हणाल्या, "कब, नाना? त्या धावपट्टीवरून आले तसे पाय एवढे सुजले की गॅरेज आणि घर, तिसरीकडे कुठे गेलेच नाहीत. मशिदीतसुद्धा नाही. खाटेजवळच नमाज पढायचे." मी म्हटलं, तुम्ही झोपला असाल तेव्हा गेले असतील. त्या म्हणाल्या, "देडशे किलोमीटर?" आणि माझ्या ताटात आणखी भात वाढला. मी जेवलो. काय जेवलो ते आठवत नाही.

ऊन कलताना फैजपूरला पोचलो. सुपडू फाटकावर बिडी ओढत होता. दहा वर्षं तो तिथे आहे. गावात काय चाललंय याची त्याला खबर नसते, पण फाटकातून कोण आलं-गेलं ते विसरत नाही. मी गाडीतूनच विचारलं, "सुपडू, रऊफ मिस्त्री इथं येऊन गेले होते का?"

"आलते ना, नाना. दुपारच्याले. किल्ली मांगतली, घंटाभर गाडीखाली व्हते."

"मग मला का नाही सांगितलं?"

"मी म्हनलं ना, मालकाले उठवू का. तं म्हने, नको, थकेल हाये तो, झोपू दे. मी सांगीन त्याले नंतर."

माझा आवाज चढला. सुपडूवर मी कधी ओरडत नाही, पण त्या दिवशी ओरडलो. म्हटलं, दिवस आठव, नीट आठव, कोणता दिवस होता. तो जरा घाबरला, बिडी विझवून उभा राहिला.

"त्याच दिशी ना, नाना. तुमी सकाळी धुळ्याले मयतीले गेलते अन् येऊन न जेवता पडले, त्याच दुपारी. तीन वाजले असतीन." मग हळूच म्हणाला, "मयत कोनाची व्हती, नाना?"

इंजिन चालूच होतं. मीटरवर शहाऐंशी. मी स्टिअरिंग धरून बसलो आणि मला भीती वाटली नाही, खरं सांगतो, भीती पारोळ्याच्या रस्त्यावरच संपली होती. जिवाला लागली ती वेगळीच गोष्ट. त्या दुपारी मी वीस पावलांवर होतो. माझ्या खोलीची खिडकी शेडकडेच उघडते.

सुपडू उत्तराची वाट बघत होता.

"उठवायचं होतं रे मला," मी म्हणालो.