चिंचेने उजळलेला बादशहा

लग्न होऊन मी दिल्लीत आर. के. पुरमच्या सरकारी क्वार्टरमध्ये आले, तेव्हा मला कुणी काही शिकवायला गेलं की राग यायचा. सगळं येतं, असाच माझा तोरा. सासू नव्हती, त्यामुळे देवघर आपसूक माझ्याकडे आलं. देवांशेजारी घरातल्या गेलेल्या माणसांचे टाक होते, पितळेच्या पत्र्यावर ठसे उमटवलेले.

सासरे केंद्र सरकारच्या नोकरीत आणि जुन्या नाण्यांचे वेडे. एकदा त्यांनी कापसातून एक काळपट हिरवं नाणं काढून दाखवलं. रोमचं, कांस्याचं. बादशहा वारल्यावर त्याच्या मुलाने पाडलेलं. त्यावर बापाला किरणांचा मुकुट घालून त्याने देवच करून टाकलं होतं.

"म्हणजे आपला टाकच की, बाबा," मी म्हणाले.

"बिल्कुल! इतकं सोपं करून मला कुणी सांगितलं नव्हतं, सूनबाई." दिवसभर खुशीत होते.

नवरात्राआधी मी टाक घासायला काढले आणि बादशहाची आठवण झाली. तोही कुणाचा तरी बाप, त्यालाच का काळवंडलेला ठेवायचा? चिंच-मीठ लावून असा घासला की लखलखला. संध्याकाळी मोठ्या ऐटीत सासऱ्यांच्या हातावर ठेवला. त्यांनी भिंग आणून नाण्यावर हिरवा थर कुठे उरलाय का ते शोधलं. दोन हजार वर्षांत चढलेला तो हिरवा थर म्हणजेच त्या नाण्याचं मोल, हे मला तेव्हा कळलं. एरवी शीघ्रकोपी माणूस, मी बोलणी खायच्या तयारीत होते. त्यांनी नाणं पुन्हा कापसात गुंडाळून ठेवून दिलं.

रविवारी फरीदाबादहून त्यांचे नाणी जमवणारे मित्र आले, मुद्दाम हेच नाणं बघायला. मी चहाचं आधण ठेवून स्वयंपाकघरात कान देऊन उभी. आता माझा आणि माझ्या माहेरचा उद्धार होणार, याची खात्रीच होती.

"सत्यानाश! ये किसने किया, यार?"

"मैंने ही किया. चमकाने की सूझी, बस."

मित्र त्यांना अनाडी म्हणाले, आणखी बरंच काही म्हणाले. आयुष्यभर जपलेला जाणकाराचा मान सासऱ्यांनी माझ्यापायी घालवला आणि मला कधी बोलूनही दाखवलं नाही. मी ओट्याला टेकून रडले. त्या माणसाची मी जन्माची ऋणी आहे.

आता देवघरात त्यांचाही टाक आहे. नवरात्राआधी बाकीचे सगळे चिंचेने घासते. त्यांचा नुसता मऊ फडक्याने पुसते. काळा पडतो, पडू देते.