बुडालेल्या पाणबुडीचं भांडण

आमचे हे आणि इंदापूरचे भाऊजी एकाच वेळी नौदलात लागले. एकाहत्तरच्या लढाईत दोघंही विशाखापट्टणमला होते. हे बंदरावर कामाला, भाऊजी युद्धनौकेवर. शत्रूची पाणबुडी तिथं बुडाली आणि पुढं जन्मभर दोघं त्यावरून भांडले. भाऊजी म्हणायचे, आमच्या जहाजानं बॉम्ब टाकून बुडवली. हे म्हणायचे, तुमच्या बॉम्बनंतर बऱ्याच वेळानं मोठा धमाका झाला, तो मी कानानं ऐकलाय; ती सुरुंग पेरायला आली आणि स्वतःच्याच सुरुंगावर गेली.

निवृत्तीनंतर आम्ही काटेवाडीत आलो. दोघं भिगवणला भेटायचे, हायवेवरच्या खानावळीत. मीही जायचे आणि माशाचे काटे काढत ऐकत बसायचे.

हे गेले, त्यानंतर फोन कमी झाले. या हिवाळ्यात मीच भाऊजींना भिगवणला बोलावलं. त्यांनी माझ्या गुडघ्यांची चौकशी केली, मुलगा पुण्याहून येतो का विचारलं. भाकरी अर्धी संपली तरी पाणबुडी निघेना. शेवटी मीच म्हणाले, "भाऊजी, ती तुम्हीच बुडवली ना?"

"कुणास ठावं, वहिनी. त्यो म्हनायचा तसंच झालं आसंल."

मला रागच आला. "आता असं कसं म्हणता? तुम्ही डेकवर होता. पाणी उसळलेलं पाहिलंत ना?"

"पानी उसळल्यालं पायलं. खाली काय झालं, ते कुनी पायलंय?"

"मग इतकी वर्षं का भांडलात?"

"त्यो समोर बसायचा म्हनून." त्यांचा हात ताटातच सुकला. "आता घरात कुनाला सांगायला गेलो तर टीव्हीचा आवाज वाढवत्यात."

मी पुन्हा त्यांचीच बाजू मांडायला लागले. ते नुसते मान हलवत राहिले. त्यांना इंदापूरच्या एसटीत बसवलं आणि मी काटेवाडीला यायला बारामतीची गाडी धरली.

कुलूप काढताना मनात आलं, भाऊजींनी हार मानली हे ऐकून यांनी मांडीवर थाप मारली असती. सांगायला मी चपलाही न काढता आतल्या खोलीपर्यंत गेले.

तेवढ्यात भाऊजींचा फोन आला. "पोचलासा का?"

"पोचले. तुम्ही?"

"व्हय, मगाशीच."

पुढं दोघांनाही काही सुचेना. फोन मात्र कुणीच ठेवला नाही.